अस्तर भरून येईपर्यंत

थंडी पडायला लागली की आमच्या प्रयोगशाळेतला फोन सकाळी लवकर वाजतो. पलीकडच्या माणसाची तक्रार थोड्याफार फरकानं तीच असते. पिल्लं अठरा-वीस दिवसांची झालीत, फीड कमी उठतंय, आणि रात्री दिवे मालवून शेडमध्ये उभं राहिलं की घुरघुर ऐकू येते. हा आवाज रात्रीच नीट कळतो. दिवसा पाच हजार पिल्लांच्या चिवचिवाटात तो बुडून जातो. अंधार झाला, पिल्लं निवली, की मग बिघडलेला श्वास वेगळा काढता येतो. मुरलेला पोल्ट्रीवाला झोपण्यापूर्वी शेडमध्ये फेरी मारतो ती त्यासाठीच. कोणी याला सर्दी म्हणतं, कोणी सीआरडी, आणि मर वाढलेली असली तर आवाज खाली आणून विचारतं, ‘मॅडम, मानमोडी तर नाही ना?’

मानमोडी म्हणजे राणीखेत, आणि तिची धास्ती रास्त आहे. पण राणीखेतची लस नीट दिलेल्या लॉटमध्ये पुष्कळदा निघतो तो दुसराच विषाणू: इन्फेक्शियस ब्रॉन्कायटिसचा, ज्याला आम्ही नुसतं आयबी म्हणतो. हा कोंबड्यांचा कोरोनाविषाणू. १९३१ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये शाल्क आणि हॉन या दोघांनी कोवळ्या पिल्लांतला हा आजार पहिल्यांदा नोंदवला. माणसांतले कोरोनाविषाणू सापडायच्या तीसहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट.

मी पशुवैद्यक आहे, विकृतिशास्त्र हा माझा विषय. माझ्यापुढे पिल्लू येतं ते मेल्यावर. पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करताना चोचीच्या कोपऱ्यात कात्री घालायची, स्वरयंत्रातून खाली श्वासनळी उभी चिरत छातीपर्यंत न्यायची. पक्ष्याच्या श्वासनळीतल्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल असतात, त्यामुळे कात्रीला प्रत्येक कडी जाणवते. आत पाहावं तर कधीकधी फारसं काहीच नसतं. थोडी लाली, थोडा चिकटा. शेजारी उभा असलेला मालक विचारतो, ‘एवढ्यानं मेलं?’ मग मी आणखी खाली, जिथं नळीला दोन फाटे फुटतात तिथं कात्री नेते. तिथं पिवळट, घट्ट बूच अडकलेलं असतं. ते चिमट्यानं उचललं की नळीच्या आकाराचं अख्खं बाहेर येतं.

हे बूच पक्ष्यांतच असं घट्ट का होतं, हे विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. माणसाच्या किंवा गाईच्या जखमेत पू पातळ होतो, वाहून जातो. आपल्या पांढऱ्या पेशींत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं, इतरही विकरं असतात, ती मेलेला मालमसाला विरघळवतात. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत, हेटेरोफिलांत, ते विकर नसतं. म्हणून तिथला पू वितळत नाही, सुकत जातो, घट्ट होतो. त्यात पक्ष्याला श्वासपटल नाही. फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली, जागच्या जागी. आपण खोकतो तसा जोर लावून ते बूच बाहेर फेकायची सोय पिल्लाकडे नाही. एवढ्याशा नळीत एवढंसं बूच पुरतं.

पण ते बूच शेवटच्या अंकातलं आहे. खरी घटना त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेली असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून श्वासनळीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे काही मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढायचे, रंगवायचे आणि भिंगाखाली धरायचे. मी या कामात पडले ती या पापुद्र्यांमुळे.

निरोगी पिल्लाच्या श्वासनळीचं अस्तर उंच, सडपातळ पेशींचं असतं. त्यांच्या माथ्यावर सिलियांची, म्हणजे केसांसारख्या सूक्ष्म तंतूंची, दाट किनार. मधूनमधून चिकटा बनवणाऱ्या ग्रंथी. चिकट्यावर धूळ बसते, जंतू बसतात, आणि सिलिया एका तालात हलून तो थर वर घशाकडे ढकलत राहतात. शेडमध्ये तूस आहे, पिसांचा कोंडा आहे, फीडची धूळ आहे, वाळलेली विष्ठा आहे. हे सगळं श्वासाबरोबर आत जातं आणि या किनारीमुळे बाहेर येतं. पिल्लाकडे दुसरं फारसं संरक्षण नाही.

आयबीचा विषाणू या पेशींच्या पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला चिकटतो आणि आत शिरतो. अठरा तासांच्या आत सिलिया गळायला लागतात. उंच पेशी आखडून गोल होतात, शेजारणींशी असलेला त्यांचा सांधा सुटतो, आणि त्या नळीच्या पोकळीत गळून पडतात. स्लाइडवर त्या सुट्या तरंगताना दिसतात. ज्या तेवढ्या अजून जागेवर आहेत त्यांतल्या काहींचं केंद्रक आक्रसून काळपट झालेलं, काहींचं फुटून त्याचे दोन-चार गोल मणी झालेले.

हे मणी पाहायला मला माझ्या गुरूंनी शिकवलं. मेलेली पेशी आणि मरणारी पेशी यांत फरक करायचा, आणि मरणारी कशी मरते आहे तेही पाहायचं, असं ते म्हणत. पेशी मरायच्या तऱ्हा अनेक. पण पहिली विभागणी दोनची. एकीत पेशी फुगते, तिचं आवरण फाटतं, आतला ऐवज बाहेर सांडतो, आणि त्या सांडलेल्यामुळे हेटेरोफिलांची झुंबड उडते, सूज येते. हा नेक्रोसिस. दुसरीत पेशी स्वतःच स्वतःला आवरत नेते. ती आक्रसते, केंद्रकातला डीएनए ठराविक जागी तुटतो, पेशीचे आवरणासकट लहान लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. काही सांडत नाही, फारशी सूज येत नाही. हा ॲपॉप्टोसिस. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. त्यातले केर ऑस्ट्रेलियाचे विकृतिशास्त्रज्ञ. त्याआधी काही वर्षं उंदरांच्या यकृतात त्यांना हा वेगळा मृत्यू दिसत होता. नुसत्या रंगवलेल्या स्लाइडवर, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, कोणी न पाहिलेली गोष्ट वेगळी काढणं केवढं अवघड आहे हे मला आता कळतं, आणि त्या माणसाबद्दलचा आदर दर वर्षी वाढतो.

एम.व्ही.एससी.ला असताना मी ट्यूनेल पद्धतीनं स्लाइड रंगवत असे. १९९२ साली निघालेली ही पद्धत डीएनएची तुटलेली टोकं पकडते आणि मरणाऱ्या पेशीचं केंद्रक तपकिरी करून दाखवते. आयबी झालेल्या पिल्लाच्या श्वासनळीत पहिल्यांदा ते तपकिरी ठिपके दिसले तेव्हा मला ते विषाणूच्या विध्वंसाचा हिशेब वाटले. सगळं त्याचंच काम, असं आम्हा विद्यार्थ्यांना सरसकट वाटत असे. प्रश्न इतका साधा नाही, हे मला शिकवलं ते अंड्यानं.

विषाणू वाढवायचा तर आमच्याकडे अजूनही सर्वांत खात्रीचं भांडं म्हणजे फलित अंडं. ब्यूडेट आणि हडसन यांनी १९३७ साली आयबीचा विषाणू अंड्यात वाढवला, ती वाट आजही चालू आहे. नऊ-दहा दिवसांच्या अंड्यात नमुना टोचायचा आणि नंतर गर्भ उघडून पाहायचा. आयबी असेल तर गर्भ खुजा राहतो, अंगाची मुटकुळी करून पडलेला असतो. हे करताना निरोगी गर्भही शेजारी उघडावेच लागतात, तुलनेसाठी. आणि ते पाहताना लक्षात येतं की विषाणूचा मागमूस नसलेल्या गर्भातही पेशी जागोजाग मरत असतात, अगदी ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी. पिल्लाच्या पायाची बोटं सुटी होतात कारण बोटांमधल्या पेशी मरून जातात. बदकाच्या पायात ते मरण पुष्कळ कमी होतं, म्हणून त्याला पडदा राहतो. जॉन साँडर्स यांनी १९६० च्या दशकात कोंबडीच्या गर्भाच्या पंखावर काम करून पेशींचं हे मरण नेमून दिलेलं असतं हे दाखवलं. त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विद्यापीठाची दारं ज्यूंना बंद झाली तेव्हा रीता लेवी-मोंताल्चिनी तुरीनमधल्या आपल्या झोपायच्या खोलीत कोंबडीच्या गर्भातल्या मरणाऱ्या चेतापेशी तपासत होत्या. ज्या जिवावर आपण पोट भरतो, त्याच्याही अंड्यातून जगाला पेशीच्या मरणाची ओळख होत गेली, हे आमच्या पोल्ट्रीच्या सभांमध्ये मी आवर्जून सांगते. ऐकणारे शेतकरी असतात. त्यांना हे सांगून काय उपयोग, असं कोणी म्हटलं तरी मी सांगते.

म्हणजे माझ्या टेबलावर आलेलं पिल्लू हे मुळात पेशींच्या मरणातून घडलेलं शरीर आहे. मरायचं कसं हे त्याच्या प्रत्येक पेशीला ठाऊक आहे. मग विषाणू आत शिरल्यावर ती पेशी मरते, तेव्हा तिला विषाणू मारतो की ती आपणहून मरते?

याचं एक उत्तर बदकांनी दिलं. बर्ड फ्लूचे पुष्कळसे विषाणू बदकाच्या अंगात असतात आणि बदक हिंडत-फिरत असतं. त्यातलाच एखादा जहाल विषाणू कोंबडीला लागला तर दोन दिवसांत शेड रिकामी. २०१० साली संशोधकांनी दाखवलं की विषाणूची चाहूल घेणारं रिग-आय नावाचं जनुक बदकात आहे आणि कोंबडीत नाही. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी बदकाच्या आणि कोंबडीच्या पेशींना फ्लूचा संसर्ग करून पाहिला. बदकाच्या पेशी जास्त वेगानं मेल्या. विषाणू त्यांच्यात भराभर वाढण्याआधीच पेशी आटोपली होती. कोंबडीची पेशी जास्त वेळ टिकली आणि त्या वेळात विषाणू तयार करत राहिली. हे वाचलं तेव्हा मी माझ्या जुन्या स्लाइड कपाटातून काढून पुन्हा पाहिल्या. तपकिरी ठिपके तेच होते. माझं वाचन बदललं होतं.

आयबीच्या बाबतीतही हा मृत्यू पेशीच्या स्वतःच्या यंत्रणेतून घडतो, हे सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेनं २००१ साली माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर दाखवलं; कॅस्पेज नावाची पेशीचीच विकरं त्यात कामाला लागतात. अर्थात विषाणूही स्वस्थ बसत नाही. पेशी फार लवकर मेली तर त्याची वाढ खुंटते, वेळेवर फुटली तर त्याची पिल्लावळ बाहेर पडते. तो मृत्यू कधी लांबवावा आणि कधी ओढवून घ्यावा, यावर दोघांची झोंबाझोंबी चालते. कोणत्या तासाला कोणाची सरशी आहे हे एका स्लाइडवरून सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मला खात्री आहे ती पुढच्या गोष्टीची. संसर्ग झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींची वाढ सुरू झालेली असते. वरची दाट किनार गेली तरी तळ बहुधा शाबूत असतो. त्यातून आधी बुटक्या, बिनसिलियांच्या पेशींचे थर येतात, मग त्या उंच होतात, मग सिलिया फुटतात. आठवड्यानंतर त्याखाली लसिकापेशींची गर्दी होते. दोन-तीन आठवड्यांत सगळं पूर्ववत. लसूणघास कापला की बुंध्यापासून नवा फुटवा येतो, तसं आहे हे. कापणीनं रान मरत नाही, फुटव्यावर ढोरं सोडली तर मरतं. पिल्लाच्या श्वासनळीत ही ढोरं म्हणजे ई. कोलाय, मायकोप्लाझ्मा आणि शेडमधला अमोनिया. अस्तर उघडं पडलेल्या त्या दिवसांत जे जे खाली उतरतं ते थेट वायुकोषांत जातं. पक्ष्याचे वायुकोष पारदर्शक, पातळ पापुद्र्याचे असतात. पीएममध्ये ते धुरकट आणि पिवळ्या कपच्यांनी भरलेले दिसले, हृदयावर आणि यकृतावर पांढरी साय चढलेली दिसली, की समजावं, विषाणू येऊन गेला आणि मागून जिवाणू आला. मरतुकीचा मोठा भाग या दुसऱ्या पाहुण्याच्या खाती जातो.

कोवळ्या वयात हे जास्त का, तर कारणं बरीच. नळी अरुंद. प्रतिकारशक्ती अजून घडत असलेली. आईकडून अंड्यातल्या पिवळ्या बलकामार्फत मिळालेली प्रतिद्रव्यं पहिल्या दोनेक आठवड्यांत ओसरतात, आणि ती असली तरी रक्तात असतात, श्वासनळीच्या पृष्ठभागावर त्यांचा उपयोग थोडाच. त्यात गंबोरो हा दुसरा विषाणूजन्य आजार होऊन गेला असेल तर आणखी वाईट, कारण त्याचा विषाणू शेपटीखालच्या बर्सा ग्रंथीतल्या बी पेशीच मारून टाकतो. पण सगळ्यांत मोठं कारण मला वाटतं ते आयुष्याच्या लांबीचं. ब्रॉयलरचं आयुष्य पस्तीस ते चाळीस दिवसांचं. अस्तर भरून यायला त्यातले पंधरा-वीस दिवस लागले, तर त्या पक्ष्यानं निम्मं आयुष्य उघड्या नळीनं काढलं. त्याला भरून यायला आपण सवडच ठेवलेली नाही.

सिन्नरच्या बाजूला एका शेडवर मी जात असे. करारावरची शेड: पिल्लं, फीड, औषध कंपनीचं, शेड आणि राबणूक तिथल्या काका-काकूंची, किलोमागे वाढीचा दर. डिसेंबरातली गोष्ट. काकांनी तिन्ही बाजूंचे पडदे घट्ट ओढून, फटींना फीडच्या रिकाम्या गोण्या लावून ठेवल्या होत्या. आत शिरताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका-काकूंना मात्र काही जाणवत नव्हतं. रोज त्याच हवेत वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला सरावतं. मी त्यांना खाली बसवलं, पिल्लाच्या डोक्याच्या उंचीवर. तिथं दोन मिनिटं बसवेना. अमोनिया ओल्या लिटरमधून, म्हणजे खालच्या तुसाच्या थरातून, निघतो, त्यामुळे तो सर्वांत दाट असतो तो तिथंच. पंचवीस पीपीएमच्या वर गेला की तो सिलियांना इजा करतो, विषाणू असो वा नसो. विषाणू असेल तर नव्यानं फुटणाऱ्या सिलियांवर तो घाला घालतो.

‘काका, पडदा वरून वीतभर तरी खाली घ्या,’ मी म्हटलं.

‘मॅडम, गारठून ढिगानं चेंगरतील पिल्लं. मागच्या साली एका रात्रीत गेलेली पाहिलीत मी.’

काका खोटं बोलत नव्हते. थंडीत पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरून मरतात, आणि ती मरतूक सकाळी डोळ्यांपुढे ढिगानं दिसते. अमोनियानं झालेलं नुकसान महिनाअखेरीस वजनकाट्यावर कळतं, तेही कोणाला कळलं तर. शेतकरी दिसणाऱ्या मरणाला आधी घाबरणार, हे स्वाभाविक आहे. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून शेडचा एकेक कोपरा पाहिला. पाण्याच्या निपलची एक लाइन गळत होती, तिच्याखालचं लिटर पेंड झालं होतं. काकूंनी ते भरून बाहेर काढलं, कोरडं तूस टाकलं. दुपारी ऊन असताना वरून पडदा उघडायचा, वारा पिल्लांच्या अंगावर न येता छताखालून जाईल असा. रात्री ब्रूडरची उष्णता वाढवायची पण वरची फट पूर्ण बुजवायची नाही. गॅसचा खर्च वाढणार होता. तो काकांच्या खिशातून जाणार होता, कंपनीच्या नव्हे, आणि हे लक्षात न घेता सल्ला देणारे डॉक्टर मी बरेच पाहिले आहेत. काकू म्हणाल्या, ‘औषधाचं पण काही तरी लिहून द्या, नाहीतर कंपनीचा सुपरवायझर म्हणंल मॅडमनी काहीच केलं नाही.’

औषधाचा हा आग्रह मला सर्वत्र भेटतो. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, हे वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे, तरी पाण्यात काहीतरी घातल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. ई. कोलायचा शिरकाव झालेला असेल, संवेदनशीलता तपासलेली असेल, तर औषध द्यावं, मी देते. पण घुरघुर सुरू झाल्या झाल्या आंधळेपणानं दिलेल्या औषधानं एकही सिलिया लवकर उगवत नाही. कोलिस्टिन तर एके काळी पाण्यासारखं वापरलं जाई. माणसांच्या अतिदक्षता विभागातलं शेवटचं हत्यार बोथट होऊ नये म्हणून २०१९ साली सरकारनं कोंबड्यांत त्यावर बंदी आणली. ती बंदी योग्यच होती आणि उशिरा आली, असं माझं स्पष्ट मत आहे. काकूंना मी कागदावर लिहून दिलं: निपल दुरुस्ती, कोरडं तूस, हवा, कोमट पाणी. खाली सही केली. सुपरवायझरला फोन करून हेच औषध आहे असं सांगितलं.

लसीचं प्रकरण याहून नाजूक. आयबीची जिवंत लस पिल्लांवर पहिल्याच दिवशी हॅचरीत फवारतात. त्यातली जुनी आणि सर्वत्र वापरली जाणारी एच-१२०. एकशेवीस वेळा अंड्यांतून फिरवून सौम्य केलेला विषाणू. सौम्य असला तरी तो जिवंत आहे, आणि श्वासनळीच्या त्याच पेशींत वाढतो. तिथं थोड्या पेशी मरतात, थोडं अस्तर गळतं, तीन-चार दिवसांनी पिल्लं शिंकतात. लस लागू पडल्याची ती खूण. शेतकरी म्हणतो, चांगली पिल्लं लसीनं आजारी पाडली. त्याला काय सांगायचं? आपण मुद्दाम, मोजून, थोड्या पेशींचं मरण विकत घेतो, कारण त्या जागी नव्यानं भरून येणारं अस्तर पहारेकऱ्यांसह भरून येतं. फवारा सारखा पडला आणि सगळ्या पिल्लांना एकाच वेळी लस मिळाली तर हे सगळं आठवड्यात उरकतं. निम्म्यांना मिळाली, निम्मी राहिली, तर लसीचा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो, प्रत्येक फेरीत पुन्हा थोडा तिखट होतो, आणि लॉट आठवडेच्या आठवडे शिंकत राहतो. फवाऱ्याच्या नोझलकडे पाहणारा हॅचरीतला कामगार हा माझ्या लेखी साखळीतला सर्वांत मोलाचा माणूस आहे, आणि त्याला सर्वांत कमी पगार मिळतो.

लस खरोखर वाचवते का, हे तपासायची रीत मला फार आवडते. लस दिलेल्या पक्ष्यांना प्रखर विषाणू द्यायचा, काही दिवसांनी श्वासनळी काढून तिच्या दहा बारीक चकत्या करायच्या: वरच्या भागातल्या तीन, मधल्या चार, खालच्या तीन. चकती द्रवात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पेशी अजून जिवंत असतात. कडीच्या आतल्या कडेनं सिलियांची हालचाल झगमगत असते. सगळीकडे हलत असेल तर गुण शून्य, एक चतुर्थांश थांबली असेल तर एक, पूर्ण थांबली असेल तर चार. सूक्ष्मदर्शकाखेरीज कुठलंही यंत्र नाही, डोळा आणि धीर एवढंच. हलणारी कड पाहताना मी गुण लिहायचे विसरून तशीच पाहत बसते. मेलेल्या पिल्लांत आयुष्य काढणाऱ्या बाईला ते दृश्य किती मोठं असतं, हे दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञालाच कळेल.

ज्या आजारात भरून यायला वेळच मिळत नाही, तोही पाहिला आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. मी तेव्हा परळला शिकत होते. एच५एन१ श्वासनळीवर थांबत नाही, रक्तवाहिन्यांच्या अस्तरापर्यंत जातो, आणि सगळ्या अवयवांत एकदम पेशी मरतात. तिथं उपचाराची, हवेची, तुसाची भाषा संपते. उरतं ते कलिंग, म्हणजे सगळे पक्षी मारून टाकणं, आणि खड्डे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र खड्डे खणले गेले ते निव्वळ अफवेपायी. चिकन खाल्ल्यानं कोरोना होतो, असं मोबाइलवर फिरलं, भाव कोसळला, आणि ठणठणीत पिल्लं जिवंत पुरल्याच्या बातम्या आल्या. त्या आठवड्यांत माझ्या अहवालांत ‘कोरोनाविषाणू’ हा शब्द लिहिण्याआधी मी दहादा विचार करत असे. आयबी हा कोरोनाविषाणूच आहे, तो माणसाला लागत नाही, ही दोन्ही वाक्यं खरी. पण अहवालाचा फोटो काढून कोणी पहिलंच वाक्य पुढे पाठवलं असतं तर एका तालुक्याच्या शेडी बसल्या असत्या. मी ‘आयबी’ एवढंच लिहिलं आणि फोन करकरून समजावून सांगितलं.

श्वासनळी भरून येते. शरीरातला दुसरा एक अवयव मात्र भरून येत नाही, आणि अलीकडे माझं लक्ष तिकडे जास्त लागलं आहे. आयबीचा विषाणू पहिल्या दोनेक आठवड्यांत मादी पिल्लाला लागला तर तिच्या अंडनलिकेत शिरतो. त्या वयात ती नलिका म्हणजे जेमतेम एक धागा. तिच्या मधल्या भागातल्या पेशी मेल्या की पुढे तिथल्या ग्रंथी घडतच नाहीत. श्वासनळीत तयार अस्तर गळतं आणि तळ उरतो. इथं ज्यातून अवयव घडायचा तेच जातं, असं मी समजते. पिल्लू शिंकून बरं होतं, वाढतं, तुरा लाल होतो, खातं-पितं. बीजकोशातून बलक सुटतो आणि नलिकेत न जाता पोटात पडतो. अंडं येत नाही.

लेअर फार्मवरच्या एका दादांनी मला अशा कोंबड्या आणून दाखवल्या होत्या. दिसायला सर्वांत तजेलदार. ‘यांना झालंय काय? वीस आठवडे खाऊ घातलं,’ ते म्हणाले. पोट उघडल्यावर आत सुटे बलक, आणि नलिका मध्येच बारीक होऊन गेलेली. मी त्यांना त्या पिल्लांचा पहिला पंधरवडा आठवायला सांगितलं. वही आणली त्यांनी. नवव्या दिवशी ‘सर्दी, औषध दिले, बरी झाली’ अशी नोंद होती. त्यांची पिल्लांची शेड मोठ्या कोंबड्यांच्या शेडला लागून होती, सकाळी अंडी गोळा करणारा माणूस त्याच चपलांनी पिल्लांना फीड घालायला जायचा. पुढच्या लॉटला दादांनी पिल्लं ओढ्यापलीकडच्या मोकळ्या तुकड्यावर नेली, तिथं माणूस वेगळा, चपला वेगळ्या, आणि इतर कोणाचंही येणं-जाणं आधी पिल्लांकडे, मग मोठ्यांकडे.

तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांत मी आणखी एक तुकडा मागते. पहिल्या पंधरवड्यात मेलेली मादी पिल्लं असतील तर श्वासनळीबरोबर अंडनलिकाही पाठवा, असं लेअरवाल्यांना कळवलं आहे. पक्ष्यात ती डावीकडेच असते. डाव्या मूत्रपिंडावरून खाली जाणारा तो धागा पहिल्या प्रयत्नात कोणालाच सापडत नाही, मूत्रवाहिनीच उचलली जाते. म्हणून महिन्यातून एकदा सुपरवायझर मुलांना बोलावून, पाण्याखाली पिल्लू धरून, मी त्यांच्याकडून तो काढून घेते.